वर्णनांशिवाय उघडलेले दुकान : तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक प्रकरण

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून माल घेणाऱ्या एका जुन्या भांड्यांच्या दुकानाने आपले ऑनलाइन दुकान दिवाळीच्या तोंडावर उघडले, तेव्हा त्यावर दोनशेच्या आसपास वस्तू होत्या. प्रत्येक वस्तूला छायाचित्र होते, किंमत होती, खरेदीचे बटण होते आणि वर्णनाच्या जागी नुसती मोकळी जागा होती. दिवाळी होऊन गेल्यावर, हे संकेतस्थळ गूगलच्या शोधात का दिसत नाही हे पाहण्यासाठी मला बोलावण्यात आले. दुकानाचे नाव मी येथे देत नाही. विक्रीची टक्केवारीही देत नाही, कारण भांड्यांच्या धंद्यात दिवाळीपूर्वीचे आणि दिवाळीनंतरचे आठवडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि हंगामाचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय मांडलेले आकडे दिशाभूल करतात. जे दिसले, ते ज्या कारणाने घडले असे तपासाअंती माझे मत झाले, आणि जे बदलल्यावर फरक पडला, एवढे मात्र तपशिलाने सांगतो.

निर्णय कसा झाला

वर्णने न लिहिण्याचा निर्णय कोणी आळसापोटी घेतलेला नव्हता. धनत्रयोदशीला धातूची एखादी तरी वस्तू घरात आणण्याची रीत असल्यामुळे त्या आठवड्यातला गल्ला वर्षभरात पुन्हा होत नाही, आणि दुकानाचा ऑनलाइन कारभार पाहणाऱ्या पुतण्याला संकेतस्थळ त्याआधी सुरू झालेले हवे होते. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून वस्तूंची यादी तयार फाइलच्या रूपात निघाली, त्यामुळे नावे आणि किमती एका दुपारीत चढल्या. छायाचित्रांना मात्र वेळ लागला, कारण उजळलेल्या पितळेत छायाचित्र काढणाऱ्याचेच प्रतिबिंब उमटते. पेमेंटची जोडणी दोनदा अडली, आणि जड भांडी पोचा न पडता कुरिअरने कशी जातील या प्रश्नाने उरलेले दिवस खाल्ले. शेवटी काका, म्हणजे दुकानाचे मालक, म्हणाले, “वर्णनं मागाहून टाकू. भांडं काय, दिसतंयच की फोटोत.”

यादीतली नावे दुकानाच्या आतल्या माणसांसाठी होती. ‘पातेले पि. नं. ५’, ‘तांब्या ता. मठार मध्यम’, ‘डबा पि. क. मोठा’ अशी ती नावे गल्ल्यावर बसणाऱ्याला एका नजरेत कळतात, ‘पि.’ म्हणजे पितळी, ‘क.’ म्हणजे कल्हईचे, आणि ‘मठार’ म्हणजे हातोडीने ठोके देऊन, चकाकते खळगे पाडून केलेले काम. बाहेरच्या माणसाला यातले काहीच कळत नाही, आणि शोधयंत्र तर पूर्णपणे बाहेरचे. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याने ‘कीवर्ड्स’ नावाच्या रकान्यात प्रत्येक पानासाठी तीच वीस-पंचवीस शब्दांची यादी भरून दिली होती आणि शोधाचे काम झाले असे सांगितले होते. पानाच्या क्रमवारीसाठी आपण हा रकाना वापरत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. तरीही हा उपचार अजून जागोजागी केला जातो, आणि त्याचे पैसेही घेतले जातात.

गूगलच्या हाती काय लागले

गूगल सर्च कन्सोल, म्हणजे संकेतस्थळाची पाने शोधात कशी दिसतात हे मालकाला दाखवणारे गूगलचे साधन, उघडल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की संकेतस्थळ गूगलला सापडलेच नव्हते असे नाही. साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरच्या पानांची यादी, पोहोचला होता आणि गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, बहुतेक पानांवर येऊन गेला होता. तरीही मोठा हिस्सा ‘क्रॉल केले, सध्या इंडेक्समध्ये नाही’ या सदरात पडलेला होता, म्हणजे गूगलने ती पाने वाचली होती, पण शोधात दाखवायच्या पानांच्या साठ्यात घेतली नव्हती. त्याशिवाय बरीच पाने एकमेकांची नक्कल म्हणून नोंदली गेली होती, आणि ‘पूजेची उपकरणी’ व ‘लग्नाचा रुखवत’ या दोन विभागांची पाने, ज्यांत अजून एकही वस्तू टाकलेली नव्हती, ‘सॉफ्ट ४०४’ ठरली होती. म्हणजे पान अस्तित्वात आहे असे सर्व्हर सांगत होता, पण आतला ऐवज पाहून गूगलने ते नसल्यातच जमा केले होते.

नकलेचा मुद्दा समजून घेण्यासाठी मी ‘पातेले पि. नं. ४’ आणि ‘पातेले पि. नं. ५’ ही दोन पाने शेजारी-शेजारी उघडून छायाचित्रे झाकली. उरलेल्या मजकुरात वरचा मेनू, खालचा पत्ता, कुरिअरचे नियम, परतीचे नियम आणि ‘हेही पाहा’ म्हणून आलेल्या त्याच चार वस्तू होत्या. दोन पानांमध्ये फरक होता एका आकड्याचा आणि किमतीचा. अशी पाने समोर आली की गूगल त्यांतले एक प्रातिनिधिक म्हणून निवडतो आणि बाकीची बाजूला ठेवतो. येथे त्याने नंबर चार निवडले होते, आणि दुकानात सर्वांत जास्त खपणारे नंबर पाच बाजूला पडले होते. दोष देता येईल असे काही गूगलने यात केले असे मला वाटत नाही, कारण त्या दोन पानांतून एक निवडायला मला सांगितले असते तर मीही चिठ्ठीच टाकली असती.

‘वर्णन नसले की गूगल शिक्षा करतो’ असा समज धंदेवाईक मंडळींत पक्का बसलेला आहे, आणि पुतण्याचा पहिला प्रश्नही तोच होता. या समजाचे मूळ बहुधा फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलात असावे, ज्याने पोकळ आणि उसन्या मजकुराची संकेतस्थळे मोठ्या प्रमाणावर खाली ढकलली. पुढे तो बदल गूगलच्या मूळ क्रमवारीचाच भाग झाला. मोकळ्या पानांची संख्या फार झाली तर एकूण संकेतस्थळाबद्दलचे मतही काही प्रमाणात बिघडते, हे खरे आहे. परंतु या प्रकरणात कोणतीही कारवाई झालेली नव्हती, कन्सोलमध्ये तशी नोंद नव्हती, आणि गोष्ट त्याहून साधी होती. ‘कल्हई केलेले पितळी पातेले’ असे कोणी शोधले तर त्या पानावर ‘कल्हई’ हा शब्द नव्हता आणि ‘पितळी’ हाही नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर पानावर लिहिलेलेच नाही त्या प्रश्नासाठी ते पान दाखवावे, अशी अपेक्षा आपण करत होतो.

छायाचित्रांवर काकांचा जो भरवसा होता त्याचेही असेच झाले. गूगल चित्रातून काही अंदाज बांधतो, पण चित्राचा विषय ठरवताना तो चित्रासोबतचा पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे हे शब्दांत सांगणारी, पानाच्या कोडमधली ओळ) आणि भोवतालचा मजकूरही पाहतो. येथे पर्यायी मजकूर रिकामा होता, भोवती मजकूर नव्हता आणि फाइलींची नावे कॅमेऱ्याने दिलेली होती. शिवाय जे विकत घेताना महत्त्वाचे असते ते छायाचित्रात दिसतच नाही. दोन पातेली सारखीच दिसतात, पण एकाचा पत्रा जाड असतो आणि दुसऱ्याचा पातळ. एक वजनावर विकले जाते आणि दुसरे नगावर. गूगलच्या मर्चंट सेंटरकडे, म्हणजे विक्रेते आपला माल गूगलवर दाखवण्यासाठी जिथे नोंदवतात तेथे, वस्तूंची यादी पाठवली तेव्हाही हीच अडचण आली, कारण तेथे वर्णन ही आवश्यक बाब आहे. पुतण्याने त्या रकान्यात वस्तूचे नाव पुन्हा एकदा लिहून वेळ मारून नेली होती.

दिवाळीच्या आठवड्यात दुकानाचे नाव टाकून शोधणाऱ्यांना मुख्य पान सापडत होते. ही मंडळी मुळातच दुकानाची गिऱ्हाइके होती. नवे गिऱ्हाईक शोधातून येत नाही असे दिसल्यावर पुतण्याने जाहिरातींवर पैसे लावले, लोक आले, मोकळे पान पाहून थबकले, आणि त्यांतले जे चिकाटीचे होते त्यांनी व्हॉट्सअॅपवर प्रश्न विचारले. बाकीचे निघून गेले. शोधातली अडचण आणि विक्रीतली अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मानले जाते. येथे मात्र दोन्हींचे मूळ एकच होते.

नाकारलेले दोन उपाय

माझ्या आधी दोन तोडगे सुचवले गेले होते. पहिला असा की इतर विक्रेत्यांच्या पानांवरची वर्णने उचलून थोडा फेरफार करून चिकटवावीत. ती वर्णने साच्यातल्या मालाची होती आणि या दुकानातला बराच माल हाताने घडवलेला होता, त्यामुळे माहितीच चुकली असती; आणि जे शब्द आधीच दुसरीकडे आहेत ते पुन्हा लिहिल्याने गूगलला या पानाची वेगळी गरज भासण्याचे काही कारणही नव्हते.

दुसरा तोडगा मला अधिक घातक वाटला. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायल्याने कोणकोणते आजार बरे होतात याचा एक लांबलचक उतारा तयार करून तो सगळ्या वस्तूंखाली टाकावा, म्हणजे प्रत्येक पानावर मजकूरही येईल आणि शब्दसंख्याही भरेल, असे सुचवणाऱ्याचे म्हणणे होते. एकच उतारा दोनशे पानांवर टाकल्याने पाने एकमेकांपासून वेगळी होत नाहीत, उलट अधिकच सारखी होतात. आणि अमुक इतके शब्द असलेच पाहिजेत असा गूगलचा कोणताही नियम नाही. पण माझा खरा आक्षेप शोधाशी संबंधित नव्हता. जे सिद्ध करता येत नाही ते आजारी माणसाला विकण्यासाठी लिहू नये, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी तरतूद आहे हेही मी काकांना सांगितले. कायद्याचे ऐकून घ्यायच्या आधीच त्यांनी तो उतारा बाजूला सारला होता. “मी भांडी विकतो, औषधं नाही,” एवढेच ते म्हणाले.

गल्ल्यावरची एक दुपार

वर्णने कोण लिहिणार, हा प्रश्न तरीही उरलाच होता. पुतण्याला शब्द सुचत नव्हते आणि मला भांड्यांतले कळत नव्हते. म्हणून एका दुपारी मी दुकानात गल्ल्याशेजारच्या स्टुलावर वही घेऊन बसलो. थोड्या वेळाने एक बाई आल्या आणि त्यांनी मांडणीवरच्या पितळी पातेल्याकडे बोट दाखवले. काकांनी ते खाली काढले, कडेवर टिचकी मारली, नाद ऐकला, आणि किंमत सांगायच्या आधी विचारले, “ताई, यात आमटी-भाजी करणार, की नुसतं दूध तापवणार?”

त्यानंतरच्या पाच-सात मिनिटांत त्या माणसाने जे सांगितले ते संकेतस्थळावर एका ओळीनेही नव्हते. आमटीत चिंच पडते, म्हणून आतून कल्हई हवीच. ती कथलाची असते आणि रोजच्या वापरात काही महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी लागते. आत पिवळा पत्रा डोकावू लागला की वेळ झाली असे समजावे. रिकामे पातेले मोठ्या आचेवर ठेवू नये, कारण कथील पितळेच्या मानाने फार लवकर वितळते. घासायला तारेची घासणी नको. कल्हई नसलेल्या पातेल्यात ताक-दही ठेवले तर ते कळकते, आणि कळकलेले ताक फेकूनच द्यावे लागते. इंडक्शनच्या शेगडीवर पितळ तापत नाही, तेव्हा गॅस असेल तरच घ्या. नंबर पाचमध्ये चार-पाच माणसांची आमटी होते. “आणि हे पावणेदोन किलोचं आहे, वजनावर मिळेल. त्या तिकडच्या दुकानात याच मापाचं स्वस्त मिळेल, पण उचलून बघा तुम्ही.” त्या बाईंनी खरोखरच उचलून पाहिले, तळाशी बोट फिरवले, आणि ते पातेले घेऊन गेल्या.

माझ्या वहीत त्या एका विक्रीतून दीड पान भरले होते. संध्याकाळी पुतण्याने व्हॉट्सअॅपवर दिवाळीत आलेले प्रश्न काढून दाखवले, आणि ते जवळजवळ तेच होते: कल्हई आहे का, गॅसवर चालेल का, किती लिटरचे आहे, वजन किती, झाकण मिळते का, काळे पडल्यावर काय करायचे. म्हणजे वर्णनांचा कच्चा मसुदा दुकानात रोज बोलला जात होता आणि फोनमध्ये साठून राहिलेला होता. तो फक्त पानावर आलेला नव्हता.

लेखन आणि मांडणी

लिहायला बसण्यापूर्वी पाने कमी करणे आवश्यक होते. पातेल्यांच्या आठ नंबरांची आठ पाने ठेवण्याऐवजी आम्ही एकच पान केले आणि त्यावर नंबर निवडण्याची सोय दिली. प्रत्येक नंबरासमोर वजन, धारणक्षमता आणि साधारण किती माणसांना पुरते हे मांडले, आणि जुन्या सात पत्त्यांवरून या पानाकडे कायमचे पुनर्निर्देशन लावले, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर येतो. डबे, तांबे आणि परातींचेही असेच केले. जी पाने अजून लिहायची होती ती साइटमॅपमधून काढली, आणि रिकामे विभाग सरळ बंद केले. दोनशे मोकळ्या पानांपेक्षा तीस भरलेली पाने गूगलपुढे जावीत असे माझे मत होते, आणि पुढे जे दिसले त्यावरून ते चुकले असे मला वाटत नाही.

पहिले लिहून झालेले वर्णन येथे देतो, कारण बाकीची सगळी त्याच वळणावर लिहिली गेली.

“जाड पत्र्याचे पितळी पातेले, आतून कथलाची कल्हई केलेले. मुंबई-कोकणात याला टोप म्हणतात, मराठवाड्यात भगुणे आणि विदर्भात गंज. आमटी, भाजी, भात आणि दूध यांसाठी गॅसवर वापरता येते. इंडक्शनवर चालत नाही. कल्हई असेपर्यंत चिंच-कोकमाचे पदार्थ शिजवता येतात. आतला पिवळा पत्रा दिसू लागल्यावर पुन्हा कल्हई करून घ्यावी. तयार आंबट पदार्थ रात्रभर भांड्यात ठेवू नयेत. हाताने घडवलेले असल्याने वजनात थोडा फरक पडतो. पाठवण्यापूर्वी तुमच्या पातेल्याचे नेमके वजन कळवले जाते.”

यातली बोलीभाषेतल्या नावांची ओळ मी पुष्कळ विचार करून ठेवली. पुण्यातले दुकान पातेले म्हणते, परंतु नागपूरचा माणूस गंज शोधतो आणि परळची बाई टोप शोधते, आणि त्या दोघांनाही हेच भांडे हवे असते. तीच नावे ओळीने चार-चारदा टाकली असती तर वाचणाऱ्याला खटकले असते आणि गूगललाही. एकदा, जिथे माणूस सहज सांगेल तिथे, एवढे पुरे होते. रोमन लिपीत मराठी टंकणाऱ्यांसाठी पानाच्या पत्त्यात आणि शीर्षकात एकच रोमन रूप ठेवले.

याच वेळी आणखी एक राहून गेलेले काम झाले. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार खरेदीपूर्वी निर्णय घेण्यासाठी लागणारी वस्तूची माहिती, मूळ देशासह, ग्राहकाला मिळायला हवी; ती पानावर नव्हती आणि आता आली.

परिणाम

वर्णने चढवल्यावर पुतण्या रोज सकाळी कन्सोल उघडून प्रत्येक पानासाठी इंडेक्सची विनंती पाठवू लागला. त्याला थांबवावे लागले, कारण या विनंत्यांना रोजची मर्यादा असते आणि एकाच पानासाठी पुन्हा पुन्हा विनंती केल्याने काम लवकर होत नाही. पुन्हा क्रॉल होण्यास काही दिवसांपासून काही आठवडेही लागू शकतात, असे गूगल स्वतःच सांगतो. येथे पातेल्यांचे आणि परातींचे पान आधी आले, तांब्यांचे बऱ्याच उशिरा आले, आणि डब्यांचे पान लग्नसराई सुरू होईपर्यंत रखडले. आधी मोकळे होते म्हणून एखाद्या पानावर कायमचा शिक्का बसला, असे कुठेही आढळले नाही. मजकूर आल्यावर त्याचे मूल्यमापन नव्याने झाले. जी गोष्ट परत आली नाही ती म्हणजे ती दिवाळी.

आता कन्सोलमध्ये दिसणारे शोध बदलले होते. आधी केवळ दुकानाच्या नावाचे शोध होते; नंतर ‘कल्हईचे पितळी पातेले’, ‘पितळी टोप वजन’, ‘पितळी भांडे इंडक्शनवर चालते का’ अशा प्रश्नांवर पाने दिसू लागली. हे सगळे एकट्या वर्णनांमुळे झाले असे मी म्हणणार नाही, कारण पाने एकत्र करण्याचे काम त्याच सुमारास झाले होते आणि दोन्हींचा वाटा वेगळा काढणे शक्य नाही. तरीही जे शब्द शोधात दिसू लागले ते काकांच्या तोंडून वहीत आणि वहीतून पानावर गेलेले शब्द होते, हे ताडून पाहता येते, आणि मी ते एकेक करून ताडून पाहिले. व्हॉट्सअॅपवरचे प्रश्न थांबले नाहीत, पण त्यांचे रूप पालटले. ‘कल्हई आहे का’ याऐवजी ‘कल्हई पुन्हा करून पाठवाल का’ असे लोक विचारू लागले.

सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट तांब्याच्या बंबाच्या पानावर घडली. तो बंब कोणी ऑनलाइन घेईल अशी आशा नव्हती, पण काकांनी हौसेने त्याचे वर्णन सांगितले होते: नळकांडे कसे असते, निखारे कुठे टाकायचे, राख कुठून काढायची, आणि तोटी पितळी असून झिजल्यास बदलता येते. त्या शेवटच्या वाक्यामुळे ते पान ‘बंबाची तोटी’ या शोधावर दिसू लागले, आणि जुने बंब घरात असलेल्या लोकांचे निरोप येऊ लागले. तोट्या दुकानात होत्या. गल्ल्याखालच्या खणात कित्येक वर्षे पडून होत्या आणि बिलिंगच्या यादीत कधी चढल्याच नव्हत्या. पुतण्याने त्यांचे नवे पान केले. त्या पानाचे वर्णन छायाचित्राच्या आधी लिहून झाले.